हेडमास्तरांच्या खांद्यावरचा भुगा

३ जून १९८७

आत्या, सलाम.

पोचले. ट्रंकेचं कुलूप प्रवासात तुटलं, बाकी सगळं शाबूत, माझ्यासकट.

चर्च फार म्हणजे फारच मोठं आहे. गोऱ्या साहेबांनी आपल्या पलटणीसाठी बांधलेलं. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी पाय पसरून बसू शकते. (बसून पाहिलं. कुणी बघत नव्हतं.) बाकांच्या पाठींना अर्धगोल खोबणी आहेत. शिपाई प्रार्थनेला यायचे तेव्हा त्यात बंदुका टेकवून ठेवायचे म्हणे. आता तिथे छत्र्या आणि म्हाताऱ्यांच्या काठ्या असतात. भिंतींवर संगमरवरी पाट्याच पाट्या. कुणी तापाने गेला, कुणी पटकीने, एक जण घोड्यावरून पडून. वयं बघितली तर बहुतेक सगळे माझ्याहून लहान. आधी जरा भीती वाटली, आता येता-जाता त्यांना मनातल्या मनात 'काय रे बाळांनो' म्हणते.

राहायला मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. नळाला पहाटे पाणी येतं आणि आपण भांडं शोधेपर्यंत जातं.

मंडळी फार चांगली आहेत. चर्चच्या पंचांचे प्रमुख म्हणजे एक वयस्क गृहस्थ. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी त्यांना सगळे हेडमास्तरच म्हणतात. तेही फार चांगले आहेत. पहिल्या रविवारी उपासनेला बऱ्यापैकी माणसं होती. बाई पाद्री म्हणून कुणी काही बोललं नाही. सगळं फार चांगलं चाललंय, तू काळजी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

११ जून

भिंगरे,

'फार चांगलं' किती वेळा लिहिलंस ते एकदा मोजून बघ. गणितात नापास झालीस त्या वर्षीही तुझी शाळा फार चांगली होती.

मी तुला पाच वर्षांची असल्यापासून वाढवलंय. दादा-वहिनी गेल्यावर तू पहिला महिनाभर मला हेच सांगायचीस, 'मला काही झालं नाही, आत्या.' आणि उशी ओली असायची. तेव्हा आता नीट लिही. बऱ्यापैकी माणसं म्हणजे किती? कुणी काही बोललं नाही म्हणजे गप्प बसले की पाठ फिरवली? तू जेवतेस काय आणि कुणाबरोबर?

माझं म्हणशील तर मजेत आहे. परवा जुन्या हॉस्पिटलात जाऊन आले, सहज. माझ्या हाताखालच्या पोरी आता स्वतःच मेट्रन झाल्यात आणि माझ्याहून जास्त ओरडतात. पुढच्या आठवड्यात परत एक चक्कर मारीन म्हणते. घरी बसून करायचंय काय?

पत्र लांब लिही आणि खरं लिही.

आत्या

१९ जून

आत्या,

बरं. खरं लिहिते.

पहिल्या रविवारी अकरा जण होते. गेल्या रविवारी नऊ. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये नऊ माणसं म्हणजे रिकाम्या गोदामात हरवलेल्या किल्ल्यांसारखी. त्यात प्रभुभोजनाच्या वेळी सगळे वेदीपाशी आले, हेडमास्तर मात्र आपल्या पहिल्या बाकावर, डाव्या हाताला, घडी घातलेल्या हातांनी बसून राहिले. मी भाकर घेऊन उभी. ते समोर बघताहेत. माझ्याकडे नाही, माझ्या आरपार. मग मी पुढे गेले. दुसरं काय करणार? मी बिशपसाहेबांनी पाठवलेली आहे, त्यामुळे मला हाकलता येत नाही. पण माझ्या हातून घ्यायचं नाही, एवढं त्यांच्या हातात आहे.

एवढं असूनही दारात निरोप घेताना नमस्कार करतात. एकदम रीतसर. त्यांच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर पिवळसर पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. मला वाटलं, कोंडा. मग लक्षात आलं की हेडमास्तरांच्या डोक्यावर एकही केस नाही.

आत जाऊन बाक बघितला. त्यावर बारीक भुगा. वर बघितलं तर छप्पर पेलणाऱ्या मोठ्या लाकडी कैचीखालीच तो बाक. इंजिनिअर बोलावला. जाडजूड माणूस, शिडी त्याच्याखाली रडत होती. वर जाऊन त्याने कैचीच्या टोकात पेचकस दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा. खाली येऊन म्हणाला, "भिंतीत शिरलेलं टोक आतून खाल्लंय. उद्या पडेल की पाच वर्षांनी, मी सांगू शकत नाही. बाकीच्या कैच्या मचाण बांधून तपासाव्या लागतील. तोवर कुलूप लावा."

आता अडचण अशी की ११ जुलैला हेडमास्तरांच्या नातीचं लग्न आहे. इथेच. मी बिशपसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही तिथे आहात, तुम्हीच ठरवा." येऊन महिना झाला नाही तोवर चर्चलाच कुलूप लावणारी बाई म्हणून मी ओळखली जाणार. आणि नाही लावलं तर? काय करू?

जेवते मी. एकटीच. पण पोटभर.

भिंगरी

२५ जून

भिंगरी, अक्षर बघून दचकू नकोस. मनगट मुरगळलंय म्हणून खालच्या मजल्यावरची शिवणवाली लिहून देतेय. तिचं अक्षर चांगलं आहे. डोक्याच्या नावाने जरा आनंद आहे, पण, हे लिहू नकोस गं. सांगते ते सगळं लिहायचं नसतं. पुढे लिही.

कुलूप लाव. वॉर्डात मी वाईट बातम्या सांगण्यात जन्म काढला. सांगणाऱ्यावर माणसं रागावतात, रागावू दे. राग उतरतो. रागाने आजवर कुणी दगावलेलं मी पाहिलं नाही. हेडमास्तरांना स्वतः जाऊन सांग. चिठ्ठी पाठवू नकोस. समोर बस, आधी बातमी सांग आणि मग समजावत बस. उलटं केलंस की माणसाचा जीव टांगणीला लागतो. आणि लग्न बाहेर करा म्हणावं. लग्नाला दोन माणसं लागतात, छप्पर लागत नाही.

पूर्ण तपासणी झाल्याशिवाय कुणाच्या बोलण्यावर जाऊ नकोस. सगळं गेलं असंही म्हणायचं नाही आणि काही नाही असंही म्हणायचं नाही. थांबायचं. थांबणं सगळ्यात कठीण, ते मला विचार. मला म्हणजे, हे खोड. आता त्या पोरीला काय सांगू मी, छातीत काखेजवळ गाठ आहे म्हणून? सोमवारी काढणार आणि तपासायला पाठवणार, हे काय पत्रात लिहायचं? तिच्या तिथे ते छप्पर डोक्यावर. आणि कळलं तर सगळं टाकून धावत येईल, तिला दुसरं काही येत नाही. नाही गं, हे तुझ्याशी बोलतेय. तू थांबली आहेस ना? हातात पेन आहे तुझ्या. नुसतं धरलंयस? बरं. लिही, तब्येत उत्तम आहे. मनगट आठ दिवसांत बरं होईल. तुझी आत्या. वाचून दाखव बघू. नको, राहू दे, टपाल जाईल. बंद कर पाकीट.

१ जुलै

आत्या,

शिवणवाल्या ताईंनी पत्र फार छान लिहिलंय. एकही शब्द गाळला नाही.

मी येते. सोमवार होऊन गेला, आणि त्या सोमवारी मी इथे बसून कुलपांच्या किल्ल्या मोजत होते. तू एकटी कशी गेलीस? घरी कुणी आणलं? दुखतंय का? मला काय समजतेस तू? मी आता पाच वर्षांची नाही.

कुलूप लावलं. त्याआधी तू सांगितलंस तसं हेडमास्तरांकडे गेले, समोर बसले, आधी बातमी सांगितली. ते म्हणाले, "माझ्या आजोबांच्या आधीपासून हे छप्पर उभं आहे. तुम्ही आलात आणि पडायला लागलं?"

मी म्हटलं, "मी यायच्या आधीपासून पडतंय. मी फक्त वर बघितलं."

"आधीच्या कुठल्या पाद्र्याला दिसलं नाही ते."

"ते तुमच्या कोटाकडे बघत नव्हते."

त्यावर ते उठलेच. चहा आला होता, तो तसाच राहिला. प्रवेशद्वारासमोर दगडी कमानींचा मोठा ओटा आहे, साहेबांच्या घोडागाड्या थांबायच्या तो. इंजिनिअर म्हणतो, तेवढा भक्कम आहे. लग्न तिथे लावायचं ठरवलंय. नातीला चालतंय. नवऱ्या मुलाला काहीही चालतंय. हेडमास्तर बोलत नाहीत.

पत्र मिळताच कळव. नाही कळवलंस तरी पुढच्या बुधवारी निघतेच. लग्नाला दुसरा पाद्री मिळतो का बघते.

भिंगरी

४ जुलै

भिंगरे,

डाव्या हाताने लिहितेय, तेव्हा थोडक्यात. निघू नकोस.

गाठ काढली. टाके चांगले आहेत. दुखतं, पण दुखणारच. शिवणवाली बरोबर होती, दोन रात्री माझ्याकडेच झोपली आणि घोरली. तिला त्या पत्राबद्दल झापलं तर म्हणते, "तुम्ही म्हणालात लिही, मी लिहिलं." आणि मान खाली घालून हसली. इतकी वर्षं मी तिला बिनडोक समजत होते.

रिपोर्ट यायला वेळ आहे. तू येऊन काय करशील? दोघी मिळून भिंतीकडे बघू? तिथे एका मुलीचं लग्न आहे आणि ते लावायचं काम तुझं आहे. तो म्हातारा तर वाटच बघत असेल तू पाठ दाखवायची. लग्न लाव. नीट लाव. मग ये. तोवर मी कुठे जात नाही.

मला काय समजतेस म्हणून विचारलंस. माझं सगळं काही समजते. म्हणूनच सांगवेना.

आत्या

१२ जुलै

आत्या,

आधी बातमी. सगळे सुखरूप आहेत. छप्पर पडलं. लग्न लागलं. आता बसून वाच.

काल सकाळी खुर्च्या मांडायला म्हणून ओट्यावर गेले तर मोठं दार किलकिलं दिसलं. किल्ली माझ्याकडे, पण हेडमास्तरांकडे जुनी दुसरी असणार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत गेले. काळा कोट घालून, हातात पांढऱ्या फुलांचा भारा घेऊन ते बाकांच्या कडांना गुच्छ बांधत होते. एकटे. त्या कैचीच्या अगदी खाली.

म्हणाले, "याच बाकावर माझी बायको बसायची. आमचं लग्न इथे, मुलाचं इथे. आणि नातीचं गाड्यांच्या तळावर? तासाभराचा प्रश्न आहे. एवढी वर्षं थांबलेलं छप्पर एक तास थांबेल."

मी विनवलं, रागावले, नियम सांगितले. ते फीत बांधत राहिले. मग काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्या बाकावर जाऊन बसले.

"उठा, बाई."

"तुम्ही बाहेर चला, मग उठते."

"मी म्हातारा माणूस. माझं काय जायचंय?"

"मग माझंही जाऊ दे. दोघांना एकदमच पुरतील. नवा पाद्री तेवढा शोधावा लागेल. या खेपेला पुरुष मिळेल तुम्हाला."

त्यांचे हात थांबले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे, आरपार नाही.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"आत्या आहे. तिची गाठ काढलीय, रिपोर्ट यायचाय. तो काय येतो हे कळायच्या आधी मरायची माझी अजिबात इच्छा नाही, हेडमास्तर. मला आत्ता खरोखर भीती वाटतेय. माझे पाय कापताहेत, बघा. म्हणून सांगते, चला."

त्यांनी खरंच माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "फुलं तरी घेऊ द्या." अर्धी त्यांनी उचलली, अर्धी मी. उंबरा ओलांडला, ओट्यावर आलो, आणि दाराला कुलूप कुणी लावायचं यावरून पुन्हा वाजलं आमचं. मी म्हणतेय, ती किल्ली द्या इकडे. ते म्हणताहेत, ही माझ्या वडिलांची आहे.

तेवढ्यात आतून करकर ऐकू आली, कुणी जुनं कपाट उघडावं तशी. मग काहीच नाही. मग असा आवाज झाला की झाडावरचे सगळे पक्षी एकदम उडाले. दारातून धूळ आली आणि आम्ही दोघं डोक्यापासून पायापर्यंत पिवळे झालो.

धूळ बसल्यावर आत डोकावलं. कैची आडवी पडली होती. तिच्याखाली पहिला बाक, डाव्या हाताचा, मधोमध मोडलेला.

हेडमास्तरांनी हातातली फुलं ओट्यावर नीट ठेवली. मग म्हणाले, "नातीला सांगू नका मी आत होतो."

"नाही सांगत."

"मुलाला तर मुळीच नको. तो मला घराबाहेर पडू देणार नाही."

मी त्यांचा कोट तळहाताने झटकला, त्यांनी माझा झगा. गालिचा झटकावा तसे आम्ही एकमेकांना बडवत होतो, आणि मधेच मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. पण त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

लग्न थोडं उशिरा लागलं. कमानीखाली वारा छान होता. आवाज ऐकून वस्तीतली इतकी माणसं धावत आली होती की आमंत्रणं दिली होती त्यापेक्षा गर्दी जास्त झाली. 'मरण आम्हांला वेगळं करीपर्यंत' म्हणताना नवऱ्या मुलाने एकदा वर कमानीकडे बघून घेतलं, आणि नवरी खुदकन हसली.

मग प्रभुभोजन. सगळ्यात शेवटी हेडमास्तर आले, गुडघे टेकले आणि दोन्ही हात पुढे केले. मी भाकर दिली. त्यांनी घेतली. एवढंच.

आज रविवारची उपासनाही ओट्यावरच घेतली. संपल्यावर ते जवळ येऊन म्हणाले, "उपदेश लांबला. आधीचे पाद्री पंधरा मिनिटांत आटपायचे." आत्या, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

रिपोर्टचं कळव. लगेच.

भिंगरी

१७ जुलै

भिंगरे,

साधी गाठ. पुन्हा लिहिते, साधी गाठ. काही नाही. धोका नाही, पुढे औषध नाही, काही नाही.

आता श्वास घेतलास का? घे. म्हणजे मला रागवायला बरं.

तू आत बसलीस? पडत्या छपराखाली बसलीस? यासाठी मी तुला रात्र-रात्र मांडीवर घेऊन ताप उतरवला? तुझं ते पत्र वाचून माझे टाके उसवायची वेळ आली. शिवणवालीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तुमच्यावरच गेलीय." मी तिला घरी पाठवून दिलं. थोड्या वेळाने मीच परत बोलावलं.

रिपोर्ट घ्यायला दोघी गेलो होतो. माझ्याच जुन्या वॉर्डासमोरचा तो बाक, ज्यावर मी हजारो नातेवाइकांना 'बसा, घाबरू नका' म्हणून बसवलं. बसल्यावर कळलं की तो किती कडक आहे. कागद हातात आला तेव्हा मला वाचताच येईना. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. शेवटी म्हटलं, "डॉक्टर, तोंडाने सांगा." त्यांनी सांगितलं. मी त्यांनाच म्हटलं, "बसा, घाबरू नका." का म्हटलं, देव जाणे. शिवणवाली तोंडात पदर कोंबून हसत होती की रडत होती.

घरी आले आणि चपलांसकट पलंगावर पडले ती संध्याकाळीच उठले. कित्येक आठवड्यांत अशी झोपले नव्हते. आता सांगायला हरकत नाही, मला फार भीती वाटत होती गं. मरणाची तेवढी नाही. तुझी. तू 'मला काही झालं नाही' म्हणत राहशील आणि ऐकायला कुणी नसेल, याची.

म्हाताऱ्याचं म्हणणं खरं असणार. तुझं बोलणं लांबतंच.

आत्या

२३ जुलै

आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही चर्चच्या आवारात उभे होतो. इंजिनिअर, पंच, हेडमास्तर, मी. मचाण बांधून सगळी तपासणी झाली होती आणि इंजिनिअर सांगत होता की ती एक कैची आणि तिच्या शेजारची, एवढंच नवं करावं लागेल. बाकीचं सागवान अजून शंभर वर्षं हलत नाही. भिंती चांगल्या, मनोरा ठणठणीत. हिवाळ्यापर्यंत आत जाता येईल. पंचांपैकी एकाने इतका मोठा श्वास सोडला की सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात पोस्टमन आला. मला धीर धरवेना, तिथेच पाकीट फाडलं. पहिली ओळ वाचली आणि तिथेच, वाळूच्या ढिगावर बसले.

हेडमास्तर जवळ आले. "वाईट बातमी?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मग चांगली?"

मी मान हलवली.

"मग रडता कशाला?" असं म्हणून त्यांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून दिला. मी पत्राची पहिली ओळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून वाचली. मग पुन्हा वाचली. रुमाल माझ्याकडेच ठेवून ते तरातरा मनोऱ्याकडे चालायला लागले. कुणाला काही कळेना. इंजिनिअर म्हणतोय, "अहो, कुठे?" आणि आतून घंटा वाजायला लागली.

भर दुपारी, आडवारी. त्यांच्या वयाला तो दोर ओढवेल असं मला वाटलं नव्हतं. आधी एक ठोका, मग थांबून दुसरा, मग लय लागली. आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली. रस्त्यापलीकडचा सायकलवाला हातातलं चाक तसंच घेऊन फाटकात आला. "काय झालं? कोण गेलं?"

हेडमास्तरांनी दोर न सोडता मनोऱ्याच्या दारातून ओरडून सांगितलं, "कुणी गेलं नाही! आत्या बऱ्या आहेत!"

"कुणाच्या आत्या?"

"आपल्या पाद्रीबाईंच्या!"

सायकलवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी वाळूवर, नाक लाल, हातात रुमाल. त्याला काय कळलं असेल कोण जाणे. पण त्याने चाक भिंतीला टेकवलं आणि ओरडला, "मग थांबलात का? वाजवा की!"

आत्या, मग त्यांनी अजून वाजवली.

भिंगरी